कमाटी बागेतली माताजी

“एने माताजी आवे छे,” समोरच्या मासी आवाज खाली आणून म्हणाल्या.

हिला माताजी येतात. मी बाकाच्या दुसऱ्या टोकाशी वाकून बुटाची नाडी बांधत होते. मासींनी आवाज खाली आणला होता खरा, पण तो कमाटी बागेतल्या सातभाई पक्ष्यांच्या कलकलाटाच्या वरच राहिला. मी नाडी सोडून पुन्हा बांधली, म्हणजे वर पाहायला नको. शेवटी पाहिलं, तेव्हा बाकावरच्या बायकांपैकी एकीनं डोक्यावरून पदर घेतला होता आणि दुसरीनं आपली पिशवी मांडीवर घेऊन माझ्यासाठी निम्मा बाक मोकळा केला होता. तिच्या पायात साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट होते आणि ते तिनं पटकन जुळवून घेतले, देवळात बसल्यासारखे.

मासींच्या घोळक्याबरोबर फिरायला आल्याचा तो माझा पहिला दिवस होता. मासी आमच्या समोरच्या दारात राहतात. दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत दोन घरांची दारं इतकी जवळ आहेत की त्यांच्या फोडणीला आमच्याकडे शिंका येतात. मराठी शेजारात आयुष्य गेल्यामुळे त्या आमच्याशी मराठी बोलतात, मधे मधे गुजराती पेरून, आणि आम्हीही तसंच बोलतो. मला त्यांनी फ्रॉकमध्ये पाहिलेलं आहे. तरी त्यांना मनापासून वाटत होतं की माझ्या अंगात माताजी येतात.

मला माताजी येत नाहीत. मला फिट येते.

माझ्या पहिल्या फिटची मी साक्षीदार नाही. ज्यांनी ती पाहिली त्यांच्याकडून ऐकून मी ती जुळवली आहे, आणि त्यांतल्या प्रत्येकानं वेगळंच काही पाहिलं होतं. नवरात्र चालू होतं. बडोद्यात त्या दिवसांत आमच्या वयाचं कुणीच धड झोपत नाही. गरब्याहून परत यायचं, जरा पाठ टेकायची, सकाळी डोळे चोळत कॉलेजला जायचं. त्या सकाळी मी न्हाऊन, केस मोकळे सोडून दुधाची पिशवी घ्यायला ओट्यावर आले आणि तिथेच कोसळले. नेमक्या त्याच वेळी मासी त्यांच्या घरच्या गरब्याची, म्हणजे दिवा ठेवलेल्या मातीच्या घटाची, आरती आटोपून ताट घेऊन बाहेर आल्या. मोकळे केस, फिरलेले डोळे, थरथरणारं अंग, आणि दिवस नवरात्राचे. त्यांनी ताट खाली ठेवलं, हात जोडले, आणि माझ्या कपाळाला कुंकू लावलं. दुसऱ्या बाजूनं बाबा स्वयंपाकघरातला चमचा घेऊन धावत आले आणि त्यांनी तो माझ्या दातांमध्ये घातला, कारण असं करतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. मी शुद्धीवर आले तेव्हा समोरच्या दाताचा कोपरा उडालेला होता आणि कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू होतं. आई कधी दाताकडे पाहत होती, कधी कुंकवाकडे.

आमच्या घरात अंगात येण्याची कायम चेष्टा व्हायची. आजोबा गायकवाडी अमलात अंमलदार होते, घरात पुस्तकांची कपाटं होती, आणि कुणी घुमणाऱ्या बाईची गोष्ट सांगायला लागलं की बाबा वर्तमानपत्र वर धरायचे. त्याच घरानं मासींचा गैरसमज जपून ठेवला. ठरवून नाही. दुसऱ्या दिवशी मासींनी नारळ आणून दिला आणि आईनं तो घेतला, इतकंच. नाही म्हणायचं तर मग काय झालं ते सांगावं लागलं असतं, आणि मुलगी लग्नाची होती.

डॉक्टर अलकापुरीत बसत. त्यांच्या टेबलावर मेंदूचं एक प्लास्टिकचं मॉडेल होतं आणि बोलताना ते त्याचे भाग काढून पुन्हा बसवत. सगळं ते बाबांना सांगत होते. गोळ्या चुकवायच्या नाहीत. जागरण नाही. पोहायचं नाही, स्कूटर चालवायची नाही, गॅसपाशी एकटं उभं राहायचं नाही, गच्चीच्या कठड्याशी जायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काही ठेवायचं, आणि तोंडात काहीही घालायचं नाही. हे ऐकताना बाबांनी मान खाली घातली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली मुलगी, विचारल्याशिवाय न बोलण्याची सवय हाडीमाशी भिनलेली. शिवाय नीट काही विचारायचं असलं की मला इंग्रजीच सुचतं. पण त्या दिवशी मी न विचारता बोलले. मला काय करता येईल, असं विचारलं. डॉक्टरांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, चाल. हवं तेवढं चाल, तुला चांगलंच आहे ते. फक्त बरोबर जो असेल त्याला माहीत असू दे.

ते शेवटचं वाक्य घरी येईपर्यंत सगळ्यांच्या लक्षात होतं. घरी आल्यावर आई सोयीस्करपणे विसरली.

सुरुवातीचे महिने वाईट होते, पण त्यांच्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, हात बारीक कापायचे, चहाची बशी वाजायची. मैत्रिणी बिनगिअरच्या स्कूटरवरून अलकापुरीतल्या एसी कम्प्यूटर क्लासला जायच्या. त्यांच्या मागे बसायलाही मला परवानगी नव्हती. खरा त्रास मात्र वेगळाच होता. मी माझ्या अंगाला घाबरायला लागले होते. हे अंग मला न विचारता कधीही, कुठेही मला खाली टाकून देईल, ही भीती जिना उतरतानाही पायांत असायची. जिने उतरायचं मी जवळजवळ सोडलंच.

फिरायला जाण्याची टूम बाबांनी काढली. त्यांना स्वतःला चालण्याचा भयंकर कंटाळा. सकाळचा चहा आणि वर्तमानपत्र यांच्यामध्ये देव आला तरी त्यांना चालत नसे. पण ते निघाले. खिशात घडी केलेला छोटा टॉवेल ठेवायचे, डोक्याखाली घालायला म्हणून. पहिल्याच दिवशी मी त्यांना मागे चालायला सांगितलं. शेजारी चाललं की बोलावं लागतं, आणि सकाळी मला बोलायचं नसतं. त्यांना ते लगेच पटलं, कारण त्यांनाही नसतं.

मग आमची अशी वरात निघायची. मी पुढे, बाबा मागे. कोठीवरून उतरून काळ्या घोड्याच्या पुतळ्याच्या अलीकडे विश्वामित्री नदीचा पूल लागतो. थंडीत मगरी काठावर उन्हात पडलेल्या असतात, आणि कामाला निघालेले लोक सायकल थांबवून त्यांच्याकडे पाहतात, जसं घरातलं कुणी उठलं का म्हणून डोकवावं तसं. एकदा मीही कठड्यावरून वाकून पाहिलं, तर मागे बाबांच्या चपलांचा करकर आवाज एकदम घाईनं जवळ आला. मी सरळ उभी राहिले. चपला पुन्हा लांब गेल्या. त्या करकरीवरून बाबा किती लांब आहेत, आज गुडघा दुखतोय का, वाटेत फलकावर काही वाचत थांबलेत का, हे सगळं मला मागे न बघता कळायला लागलं.

बागेच्या पहारेकऱ्यालाही आम्ही कळायला लागलो, पण वेगळ्या अर्थानं. रोज एक तरुण मुलगी, आणि रोज तिच्या मागे अंतर ठेवून एक टक्कल पडलेला गृहस्थ. ती थांबली की हा थांबतो. एक दिवस पहारेकऱ्यानं बाबांना काठी आडवी घातली आणि या वयात हे शोभतं का, अशा अर्थाचं काहीतरी फार मोठ्यानं विचारलं. मला बोलायला हवं होतं, पण मी लाजेनं लाल होऊन परत फिरले आणि नुसती बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. त्या दिवशी आम्ही बरोबर चाललो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागे-पुढे. पहारेकरी तेव्हापासून बाबांना सलाम करायचा आणि बाबा तो घ्यायचे नाहीत.

बाग मी लहानपणापासून पाहत आले होते, म्हणजे प्राणिसंग्रहालय, फुलांचं घड्याळ आणि छोटी आगगाडी. झाडं मी पाहिलीच नव्हती. आता रोज तीच वाट, तीच झाडं, आणि बोलायला कुणी नाही, त्यामुळे पाहण्यावाचून इलाज नव्हता. शिरीषाच्या वाळलेल्या शेंगा वारा नसतानाही वाजतात. उंच झाडांवर वटवाघळं काळ्या फडक्यांसारखी लटकलेली असतात आणि सकाळी जागेवरून जोरजोरात भांडतात. तांबट पक्षी दिसत नाही, फक्त त्याची टुक-टुक ऐकू येते, आणि जिथे ऐकू येते तिथे तो नसतो. माघ संपता संपता सावरीवर एकही पान उरलं नाही, आणि मग त्या उघड्या फांद्यांवर लाल, मांसल फुलं आली. साळुंक्या त्यांत डोकी खुपसून चोची पिवळ्या करून घ्यायच्या. पिंपळाला तांब्याच्या रंगाची पालवी फुटली.

झाड रोज पाहिलं तर रोज काहीच होत नाही. कालचंच असतं. मग एक दिवस मान वर करावी तर सगळं होऊन गेलेलं असतं, आणि आपण तर रोजच तिथे होतो. माझंही काहीसं असंच झालं असावं, कारण नेमका दिवस मला सांगता येणार नाही. पण त्या उन्हाळ्याच्या तोंडाशी मी घराचा जिना कठडा न धरता उतरत होते. भूक लागत होती. चहाची बशी वाजायची, पण तिकडे माझं लक्ष नसायचं. फिट बरी झाली होती असं नाही. मधून मधून ती यायची, बहुतेक घरी. पण ती येऊन गेल्यावर मी पुन्हा उठून चालायला लागत होते, आणि हे अंग मला टाकून देतं तसं दुसऱ्या दिवशी बागेच्या टोकापर्यंत नेऊनही आणतं, हे मला माहीत झालं होतं. या चालण्याशिवाय मला आता राहायचं नव्हतं. मागण्यासारखं दुसरं काही माझ्याकडे नव्हतं आणि नकोही होतं.

तेवढ्यात बाबांनी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्या काळात घराघरांतून कुणी ना कुणी घेतच होतं. आम्हाला वाटलं, आता बाबा मोकळे. पण त्यांना पादरा गावाकडच्या एका कारखान्यात हिशेब बघण्याची नोकरी मिळाली आणि कारखान्याची बस त्यांना अगदी सकाळी न्यायला लागली. माझ्या मागे चालायला कुणी उरलं नाही.

आई म्हणाली, गच्चीवर फिर. मी म्हटलं, डॉक्टरांनी गच्ची नको म्हटलंय. मग मोठ्या खोलीत फिर, आई म्हणाली, पंखा लावून. मी दोन-तीन दिवस मोठ्या खोलीत फिरले. कपाटापासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून कपाटापर्यंत. चौथ्या दिवशी मी बाबांकडे पाहिलं, बाबांनी आईकडे पाहिलं, आणि मी आईला सांगितलं की समोरच्या मासी रोज बागेत जातात, मी त्यांच्याबरोबर जाईन.

आई बराच वेळ भाजी निवडत राहिली. तिची भीती खोटी नव्हती. पुण्याच्या एका स्थळाशी पत्रव्यवहार चालला होता, आणि कमाटी बागेत सकाळी निम्मा दांडिया बाजार असतो. तिथे एकीला सांगितलेली गोष्ट संध्याकाळी चिवड्याच्या दुकानात पोचते. शेवटी ती म्हणाली की जा, पण कुणाला काही सांगायचं नाही. मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले होते बरोबरच्या माणसाला माहीत हवं.

“मासींना माहीत आहे की,” आई म्हणाली.

“चुकीचं माहीत आहे.”

“काहीतरी माहीत आहे ना.”

न बोलण्याची अट मला अवघड नव्हती. न बोलणं हेच मला आयुष्यात सगळ्यात चांगलं जमत आलं होतं. मी हो म्हटलं.

आणि अशी मी त्या बाकाशी पोचले, जिथे माझ्या पहिल्याच सकाळी मासींनी माझी ओळख करून दिली.

त्या बायका फार चांगल्या होत्या, हे आधी सांगायला हवं. त्या माझी इतकी काळजी घ्यायच्या की चालणं मुश्कील व्हायचं. माझ्यापुढे कुणी चालायचं नाही. मी जवळ गेले की सुनांच्या चहाड्या थांबायच्या आणि कुणीतरी हवेबद्दल बोलायला लागायचं. खाखऱ्याचा डबा उघडला की पहिला खाखरा मला. आणि ज्या मासींनी मला आंब्याच्या बाठीवरून ओरडलेलं आहे, त्या मला अहो-जाहो करायला लागल्या. तुम्ही थकलात का, तुम्ही इथे बसता का. मला कुठे पाहावं ते कळायचं नाही.

मग मी जरा पुढे निघून जायचे. मासी तेवढी मोकळीक द्यायच्या, कारण त्यांच्या मते मी एकटी कधीच नसायचे. नदीकडच्या बाजूला एका जुन्या झाडाच्या खोडात उंचावर एक ढोली होती. तिथे मला धनेशाची जोडी दिसली होती, करड्या रंगाचे, मोठ्या वाकड्या चोचीचे पक्षी. चैत्रात मादी दिसेनाशी झाली. मग कळलं की ती ढोलीत बसली आहे आणि तोंड आतून लिंपून घेतलं आहे, नुसती एक फट ठेवून. नर यायचा, गळ्यातून एकेक फळ वर काढायचा आणि त्या फटीतून तिच्या चोचीत द्यायचा. वडाची फळं, पिंपळाची फळं, एकेक, अगदी न कंटाळता. मला त्या मादीत स्वतःला पाहायचा मोह झाला आणि मी तो आवरला. तिनं दार स्वतः लिंपलं होतं. आणि ते कधी फोडायचं तेही तीच ठरवणार होती.

घोळक्यात एक बेन होत्या, कापडाच्या दुकानाच्या मालकीणबाई, माझ्या आईहून मोठ्या. पहिल्या दिवशी बाकावर मला जागा करून देणाऱ्या त्याच. एक दिवस त्या चालता चालता माझ्या जवळ आल्या आणि फार संकोचून म्हणाल्या की एकच विचारायचं आहे. त्यांच्या मुलाला अमेरिकेत नोकरी मिळत होती. व्हिसा होईल का? नुसतं हो की नाही एवढं सांगा.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मागे जाऊन त्या मासींना सांगताना मी ऐकलं, आत्ता सांगायची वेळ नाही असं म्हणाल्या.

घरी येऊन मी हे आईला सांगितलं. आई इतकी हसली की तिनं डोळ्यांना पदर लावला. मग पदर काढून म्हणाली, असू दे, ते कळण्यापेक्षा हे बरं. आईनं फिट हा शब्द कधी उच्चारला नाही. ती ‘ते’ म्हणायची.

वैशाखात एका रात्री वीज गेली आणि पहाटेपर्यंत आली नाही. मी जेमतेम झोपले. अशा सकाळी घरी राहायचं, हे मला माहीत होतं. पण बाहेर बहावा फुलला होता आणि धनेशाची मादी आता कधीही बाहेर येईल असं मला वाटत होतं, म्हणून मी गेले. बाकाशी पोचलो तर कापडवाल्या बेन आधीच उभ्या होत्या, हातात पेढ्यांचा खोका घेऊन. व्हिसा झाला होता. त्यांनी खोका माझ्या हातात ठेवला आणि मला काही कळायच्या आत वाकून माझ्या पायांना हात लावला. माझ्या धुळीनं भरलेल्या बुटांना. मी मागे सरकले. माझ्या मागे नदीकडे उतरणारा उतार होता.

तेव्हा माझा हात उडाला. झोप झाली नाही की सकाळी असे झटके येतात, नुसते हातांना, विजेचा धक्का बसावा तसे. कधी तेवढ्यावरच थांबतं, कधी पुढे जातं, आणि ते आधी कळत नाही. खोका हातातून लांब उडाला आणि पेढे गवतावर पसरले. दुसरा झटका खांद्यापर्यंत आला.

मी त्या बायकांकडे पाहिलं. सगळ्याजणी एक पाऊल मागे गेल्या होत्या. कापडवाल्या बेन गुडघ्यांवर बसल्या होत्या. मासींनी डोक्यावरून पदर घेऊन हात जोडले होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. सगळ्यांच्या तोंडावर इतकी श्रद्धा होती की मला त्यांची कीव आली आणि स्वतःची भीती वाटली. मला लख्ख दिसलं की मी आता पडले तर या उतारावरून घरंगळत जाईन, आणि या सगळ्या भल्या बायका हात जोडून पाहत राहतील. माताजीला कुणी हात लावत नाही.

मी आपण होऊन गवतावर बसले, उतारापासून लांब, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. आणखी एक झटका आला, मग थांबलं. पुढे गेलं नाही. सातभाई उतरून पेढे टोचायला लागले. कुणीच त्यांना हाकललं नाही.

बसल्या बसल्या मी सरळ हिशेब केला. गप्प राहिले तर लग्न कदाचित होईल, पण हे चालणं आज ना उद्या बंद होईल, कारण कधीतरी मी इथे पडेनच. आणि बोलले तर संध्याकाळी चिवड्याच्या दुकानात कळेल. या दोन्हींमधलं मला काय हवं आहे, हे ठरवायला मला वेळ लागला नाही. तेच मला नवल वाटलं.

नंतर जे झालं ते असं. संध्याकाळपर्यंत खरोखरच सगळ्यांना कळलं. पुण्याहून पत्र यायचं थांबलं. ते आमच्यामुळे की त्यांच्यामुळे, हे आम्हाला कधी कळलं नाही. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं माझे बूट धुऊन उन्हात ठेवले. बाबा पादऱ्याहून आले, सगळं ऐकलं, आणि कुशीवर वळवायचं नीट समजावलंस ना, एवढंच त्यांनी विचारलं. ढोलीचं दार फुटलेलं मी पाहिलं, पण मादी बाहेर येताना नाही पाहिली. एका सकाळी तिथे रिकामं भोक होतं आणि खाली वाळलेल्या लिंपणाचे तुकडे. पुढच्या पावसाळ्यात मला बागेत फिट आली, तेव्हा मासींनी मला कुशीवर वळवून आपली पिशवी डोक्याखाली दिली, आणि चप्पल हुंगवायला धावलेल्या एका माणसाला असं काही झापलं की तो दुसऱ्या दिवसापासून दुसऱ्या दारानं यायला लागला, असं म्हणतात. अर्थात त्याचीही मी साक्षीदार नाही. आता मी एकटी जाते. बागेत ठिकठिकाणी माहीत असलेली माणसं आहेत, तो पहारेकरीसुद्धा.

पण त्या सकाळी यातलं काही मला माहीत नव्हतं. पेढे गवतावर पडलेले होते, बायका हात जोडून उभ्या होत्या, आणि मी खाली बसलेली होते. मासी हलक्या आवाजात विचारत होत्या, काय हुकूम आहे. मी हात मांड्यांखालून काढले. ते आता स्थिर होते. मग मी बोलले. बागेत माझा आवाज मी पहिल्यांदाच एवढा मोठा ऐकला.

“मासी, मला माताजी येत नाहीत. मला फिट येते, तुम्ही खेंच म्हणता ती. नवरात्रात आली तीही फिटच होती. मी पडले तर हात जोडून उभ्या राहू नका. मला धरा, कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, आणि तोंडात काही घालू नका. थोड्या वेळानं ती आपोआप थांबते. मग मला जरा झोपू द्या. नंतर मी चालत घरी येईन.”